आयत्या बिळावर नागोबा: फेजला बॅक्टेरियाचे कुठले जीन्स लागतात ते शोधायची पद्धत

पावसाळा ओसरायला लागला की एमेस्सीच्या प्रोजेक्टवाल्या पोरांचे मेसेज सुरू होतात. "टीचर, नाल्याच्या पाण्यातून फेज काढला, प्लाक पण मस्त आलेत, आता पुढे काय करू?" (फेज म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, आणि प्लाक म्हणजे त्याने बॅक्टेरियाच्या थरात पाडलेलं भोक.) आणि मग बहुतेक जण काय करतात तर एवढ्या तापमानाला किती टिकला, एवढ्या पीएचला किती टिकला, अशी टेबलं भरतात नि सबमिट करून मोकळे होतात. चूक नाही त्यात काही, पण मला स्वतःला ते वाचताना झोप येते. त्यापेक्षा त्याच फेजला एक भारी प्रश्न विचारता येतो: बाबा रे, बॅक्टेरियाच्या घरात शिरल्यावर तू त्याची कुठली कुठली भांडी वापरतोस? आणि ह्यासाठी लाखोंची मशीन लागत नाहीत. पेट्री प्लेट, पिपेट, इन्क्युबेटर, थोडे म्यूटंट स्ट्रेन (म्हणजे एखादा जीन बिघडवलेले बॅक्टेरिया) आणि भरपूर चिकाटी एवढं असलं की आपल्या गोव्यातल्या कुठल्याही साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं सगळं नुसती रेसिपी वाटेल. फेजकडे प्रोटीन बनवायला स्वतःचा रायबोसोम नाही, एनर्जी बनवायची सोय नाही, म्हणजे शुद्ध आयत्या बिळावर नागोबा. पण सगळे नागोबा सारखे नसतात हां. चवथीला किंवा लग्नाला आचारी बोलावतो ना आपण, एखादा टेंपो भरून स्वतःची भांडी, शेगडी, पोरं सगळं घेऊन येतो आणि एखादा फक्त झारा हातात घेऊन दारात उभा राहतो, बाकी सगळं यजमानाचं. टी-फोर नावाचा फेज हा टेंपोवाला आचारी, १ लाख ६९ हजाराच्या आसपास बेसचा डीएनए, स्वतःचा डीएनए पॉलिमरेझ, यजमानाचा डीएनए कापून त्याचेच तुकडे परत वापरायचे एन्झाइम, एवढंच काय थोडे टीआरएनए पण बरोबर आणतो. तरी आरएनए पॉलिमरेझ मात्र बॅक्टेरियाचाच घ्यावा लागतो. दुसऱ्या टोकाला क्यू-बीटा हा फेज, साधारण ४,२०० बेसचा आरएनए, जीन्स फक्त चार. त्याचा आरएनए कॉपी करणारा जो एन्झाइम आहे त्यात चार प्रोटीन असतात आणि त्यातलं एकच फेजचं, बाकीची तीन बॅक्टेरियाची. तीही प्रोटीन बनवायच्या कामातली उचललेली, ईएफ-टीयू, ईएफ-टीएस आणि रायबोसोममधलं एस-वन. झारा पण अर्धा उसना म्हणायचा.

मला सगळ्यात आवडतो तो टी-सेव्हन ह्या फेजचा किस्सा. हा स्वतःचा डीएनए पॉलिमरेझ घेऊन येतो, ऐटीत. पण तो एकटा असला की डीएनएवर टिकतच नाही, थोडे बेस जोडले की सुटून पडतो. मग तो बॅक्टेरियाचं थायोरेडॉक्सिन नावाचं एक चिमुकलं प्रोटीन, जीनचं नाव टीआरएक्स-ए, चिमट्यासारखं लावून घेतो, नि मग तोच पॉलिमरेझ एका दमात शेकडो बेस कॉपी करतो. गंमत म्हणजे थायोरेडॉक्सिनचं पेशीतलं मूळ काम वेगळंच, रेडॉक्सचं, आणि टी-सेव्हनला त्या कामाशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त त्याचा आकार हवा असतो. टीआरएक्स-ए काढून टाकला तर ई. कोलाय, म्हणजे टी-सेव्हन ज्यात वाढतो तो बॅक्टेरिया, स्वतः मजेत वाढतो आणि टी-सेव्हन उपाशी. हा जीन लक्षात ठेवा, पुढे आपला कंट्रोल हाच आहे.

आता कामाला लागू.

स्ट्रेन कुठले घ्यायचे

ई. कोलाय के-१२ चा बीडब्ल्यू-२५११३ नावाचा स्ट्रेन आहे. त्याच्यातला एकेक जीन उडवून जपान्यांनी ३,९८५ जीन्सच्या म्यूटंटचा संच बनवला, केयो कलेक्शन म्हणतात त्याला, २००६ मध्ये आला. प्रत्येक जीनच्या जागी कॅनामायसिन ह्या अँटिबायोटिकला दाद न देणारा, म्हणजे रेझिस्टन्सचा, तुकडा बसवलाय. हा आख्खा संच तुम्हाला नकोय. स्टॉक सेंटरकडून किंवा ओळखीच्या लॅबकडून २५-३० म्यूटंट मिळाले तरी प्रोजेक्ट होतो. आणि हो, मागवायच्या आधी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीला कागद देऊन ठेवा, नंतर धावपळ नको.

कुठले २५-३०? डोकं चालवून निवडा. पृष्ठभागाशी नातं असलेले घ्या, कारण फेज दाराची बेल तिथेच वाजवतो: लॅम-बी, ओम्प-सी, ओम्प-एफ, एफएचयू-ए, टॉन-बी, टीएसएक्स, आणि एलपीएस (बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यावरचा साखर-चरबीचा थर) बनवणाऱ्या वा-गटातले चारपाच. मग आतले: टीआरएक्स-ए, नस-बी, डीएनए-के, डीएनए-जे, आयएचएफ-ए, एचएफक्यू, मॅन-वाय. चारपाच असे पण घ्या ज्यांचा फेजशी संबंध असायचं काही कारण नाही, साखर पचवायचे वगैरे, म्हणजे आपण स्वतःला फसवत नाही ना ते कळतं.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. ज्या जीनशिवाय बॅक्टेरिया जगूच शकत नाही तो ह्या संचात नाही. ग्रो-ईएल नाही, आरएनए पॉलिमरेझचे मुख्य जीन्स नाहीत, रायबोसोमची बरीच प्रोटीन्स नाहीत. म्हणजे फेज ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो तेच नेमके ह्या पद्धतीत दिसणार नाहीत. "आम्ही फेजला लागणारे सगळे जीन्स शोधले" असं रिपोर्टात लिहिलेलं दिसलं की मी लाल पेन काढते.

अजून एक, बीडब्ल्यू-२५११३ ला एफ-पिलस, म्हणजे काही बॅक्टेरियांच्या अंगावर असतो तो केसासारखा धागा, नाही. त्यामुळे एम-१३, एमएस-२, क्यू-बीटा असले पिलसवरून शिरणारे फेज त्याला लागतच नाहीत, तिथे महिना घालवू नका.

फेज काढणे

पोरांना मिरामारच्या समुद्रातून फेज काढायचा असतो, फोटो छान येतो म्हणून. अरे, ई. कोलाय आतड्यातला प्राणी, त्याचा फेज पण जिथे आतड्यातलं जातं तिथेच भरपूर मिळणार. शहरातला नाला, सांडपाण्याच्या प्लांटमध्ये आत येणारं पाणी (परवानगी घेऊन), गोठ्याच्या बाजूचं डबकं. हातमोजे घालूनच, कारण त्या पाण्यात फेजपेक्षा वाईट गोष्टी असतात.

५० मिली पाणी घ्या, सेंट्रिफ्यूज करून गाळ खाली बसवा, वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. त्यात तेवढाच दुप्पट ताकदीचा एलबी (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव खाद्य), थोडं कॅल्शियम क्लोराइड (शेवटी १ ते ५ मिलिमोलर होईल इतकं) आणि ताजं वाढणारं बीडब्ल्यू-२५११३ चं कल्चर घाला, रात्रभर ३७ डिग्रीला हलवत ठेवा, सकाळी परत सेंट्रिफ्यूज, परत फिल्टर. इथे मुद्दाम सांगते, वाढवायला बीडब्ल्यू-२५११३ च वापरा. मागे एका मुलीने कॉलेजच्या फ्रिजमधल्या दुसऱ्याच कुठल्या आयसोलेटवर फेज काढला, तीन वेळा शुद्ध केला, फोटो काढले, आणि मग कळलं की तो के-१२ ला लागतच नाही. म्हणजे सगळे म्यूटंट तिच्यासाठी फुकट. दीड महिना गेला बिचारीचा.

एकटा सुटा प्लाक टोचून बफरमध्ये घ्यायचा, परत पसरायचा, परत टोचायचा, असं तीनदा. तेव्हा कुठे एकच फेज आहे म्हणता येतं.

डबल लेयर प्लेट आणि मोजणी

खाली दीड टक्का अगार, वर अर्धा टक्का. वरचा अगार वितळवून ४५ ते ४८ डिग्रीच्या पाण्यात ठेवा. गालाला नळी लावून "चालेल" म्हणायची सवय असते काहींना, थर्मामीटर वापरा, बॅक्टेरिया शिजतात. २०० मायक्रोलिटर बॅक्टेरिया, १०० मायक्रोलिटर फेज, पाचदहा मिनिटं तसंच राहू द्या, मग ३ मिली वरचा अगार घालून पटकन प्लेटवर ओता.

फेज दहादहा पटींनी पातळ करत जायचा, १०० मायक्रोलिटर फेज नि ९०० बफर, प्रत्येक वेळी टिप बदलायची. टिप नाही बदलली तर वरच्या नळीतला फेज खाली ओढला जातो नि आकडे भलतेच येतात. ३० ते ३०० प्लाक आलेली प्लेट मोजा. समजा दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतून ०.१ मिली टाकल्यावर ८४ प्लाक आले, तर मिलीला ८४० आणि त्याला दहा लाखाने गुणा, म्हणजे मूळ नळीत मिलीला ८४ कोटी फेज.

स्पॉट टेस्ट, आणि आपल्या पावसाची कटकट

प्रत्येक म्यूटंटची हिरवळ, म्हणजे लॉन, एकेका प्लेटवर बनवा आणि त्यावर फेजच्या सगळ्या डायल्यूशनचे (पातळ केलेल्या नळ्यांचे) ५-५ मायक्रोलिटरचे थेंब ओळीत ठेवा. बाजूला मूळ बीडब्ल्यू-२५११३ ची प्लेट, त्याच दिवशी, त्याच अगारची. म्यूटंटचं रात्रीचं कल्चर कॅनामायसिनमध्ये वाढवा पण टेस्टच्या प्लेटमध्ये ते घालू नका, कारण मूळ स्ट्रेन त्यात मरतो आणि मग तुलना कशाशी करणार.

जुलैत आपल्याकडे प्लेटला घाम सुटतो. झाकणाला पाणी, अगारवर पाणी, थेंब ठेवला की तो शेजारच्या थेंबाकडे चालायला लागतो आणि सकाळी बघावं तर आठ डायल्यूशनची एकच लांब नदी, मांडवीच जणू. प्लेट ओतल्यावर लॅमिनारमध्ये (स्वच्छ हवेच्या कपाटात) झाकण उघडं ठेवून वीसेक मिनिटं सुकवा, थेंब ठेवल्यावर पूर्ण शोषले जाईपर्यंत हलवू नका. आणि लाइट. संध्याकाळी गडगडाट झाला की आमचा अटेंडंट दारातूनच ओरडतो, "टीचर, लायट गेली!" इन्क्युबेटर रात्रभर बंद राहिला तर प्लाक बारीक येतात, म्हणून मूळ स्ट्रेनची प्लेट शेजारी हवीच, तिचेही प्लाक बारीक असतील तर दोष जीनचा नाही, वीजखात्याचा.

थेंब बघताना एक चकवा आहे. सगळ्यात घट्ट थेंबाखाली लॉन साफ झाली म्हणून "फेज वाढला" म्हणू नका. खूप फेज एकदम चिकटले तर नुसत्या मारानेच बॅक्टेरिया फुटतो, आत एकही पिल्लू तयार न होता. पातळ थेंबांमध्ये सुटेसुटे प्लाक दिसले तरच खरं.

टी-सेव्हन हाताशी असेल तर टीआरएक्स-ए म्यूटंटवर तो टाकून बघा. मूळ स्ट्रेनवर भोकंच भोकं आणि म्यूटंटवर गुळगुळीत लॉन, असं दिसलं तर तुमची पद्धत चालतेय. नाही दिसलं तर पुढे जाऊच नका, आधी म्यूटंटमधला जीन खरंच उडालाय का ते पीसीआरने (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून बघायची पद्धत) तपासा. केयोमध्ये प्रत्येक जीनचे दोन स्वतंत्र म्यूटंट आहेत, ते ह्यासाठीच, आणि काहींत उडवलेला जीन दुसऱ्या ठिकाणी डुप्लिकेट होऊन राहिलेला पण सापडलाय.

आकडा काढा: ईओपी

म्यूटंटवर मिळालेला आकडा भागिले मूळ स्ट्रेनवरचा आकडा, ह्याला एफिशियन्सी ऑफ प्लेटिंग म्हणतात. मूळवर ८४ कोटी आणि म्यूटंटवर ८४ लाख, तर ईओपी ०.०१. अर्धा-पाऊण आला तर सोडून द्या, तेवढा फरक पिपेटिंगमध्येच येतो. ०.१ च्या खाली गेला की कान टवकारा. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कॉलनीपासून केलं तरच मांडा. प्लाकचा आकार पण लिहून ठेवा, कधीकधी संख्या तीच असते नि आकार टाचणीच्या टोकाएवढा होतो, ती पण माहितीच आहे.

आता खरा प्रश्न: का वाढला नाही?

इथे बहुतेक प्रोजेक्ट संपतात आणि माझ्या मते इथेच सुरू व्हायला हवेत. प्लाक आला नाही ह्याचा अर्थ "हा जीन फेजला लागतो" एवढाच होत नाही. फेज चिकटलाच नसेल. चिकटला पण डीएनए आत गेला नसेल. आत गेला पण कॉपी झाला नसेल. किंवा बॅक्टेरियाच इतका आजारी असेल की त्याच्या घरात कुठलाच पाहुणा जेवू शकत नाही.

शेवटचं आधी तपासा कारण सोपं आहे. म्यूटंट आणि मूळ, दोघांची ग्रोथ कर्व काढा. डीएनए-के चा म्यूटंट मुळातच रडतखडत वाढतो, त्याच्यावर प्लाक बारीक आले तर लगेच निष्कर्ष काढू नका. कॉलनी चिकट, बुळबुळीत दिसतेय का तेही बघा, कॅप्सूलचा थर चढला असेल तर फेज दारापर्यंतच पोचत नाही.

मग चिकटण्याची टेस्ट. बॅक्टेरिया मिलीला साधारण १० कोटी घ्या, त्यात फेज मिलीला १० लाख, म्हणजे शंभर बॅक्टेरियांमागे एक फेज. ०, २, ५, १० मिनिटांनी थोडं थोडं काढून थंड बफरमध्ये, लगेच सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या पाण्यात किती मोकळे फेज उरले ते मूळ स्ट्रेनवर मोजा. चांगला चिकटणारा फेज दहा मिनिटांत ९० टक्के गायब होतो. म्यूटंटमध्ये दहा मिनिटांनंतर पण दहाचे दहा लाख तसेच तरंगत असतील तर दारच नाही, विषय संपला, तो रिसेप्टरचा जीन. लॅम्डा नावाच्या फेजला लॅम-बी नसेल तर असंच होतं. टी-सेव्हनवर २००६ मध्ये ह्याच केयो संचाने जी शोधाशोध झाली त्यात सापडलेले बहुतेक जीन्स एलपीएसचे, म्हणजे दाराचेच होते. त्यामुळे तुमच्याकडे पण तेच जास्त आले तर नाराज होऊ नका.

लॅम-बीवरून माझी स्वतःची फजिती. शिकत असताना मी लॅम्डासाठी बॅक्टेरिया ग्लुकोजमध्ये वाढवायचे, छान जोमात वाढतात म्हणून, आणि प्लाक इतके कमी नि बारके यायचे की दोन आठवडे मी फेजचा स्टॉक मेला समजून नवीन बनवत बसले. लॅम-बी हा माल्टोज आत घ्यायचा दरवाजा. ग्लुकोज असलं की बॅक्टेरिया तो जवळजवळ बंदच करतो. ग्लुकोज काढून ०.२ टक्का माल्टोज नि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलं आणि दुसऱ्या दिवशी प्लेट चाळणी. जीन जागेवर होता, फक्त झोपलेला. म्हणून मीडियाची रेसिपी वहीत पूर्ण लिहा, "एलबी" एवढंच लिहून चालत नाही.

चिकटतो पण वाढत नाही असं निघालं तर मग मजा. आता वन-स्टेप ग्रोथ कर्व. पाच मिनिटं चिकटू द्या, मग दहा हजार पट पातळ करा म्हणजे बाहेर पडलेली पिल्लं परत चिकटणार नाहीत, आणि दर पाच मिनिटांनी मोजत जा. समजा १० लाख टाकले, १ लाख मोकळे राहिले, म्हणजे ९ लाख बॅक्टेरिया पकडले गेले. शेवटी पातळ केल्याचा हिशेब धरून ९ कोटी मिळाले तर एका बॅक्टेरियातून १०० पिल्लं, हा बर्स्ट साइझ. म्यूटंटमध्ये हा आकडा १० वर आला, की वेळ तेवढीच पण पिल्लं कमी, की पिल्लं तेवढीच पण वेळ दुप्पट, ह्यावरून कुठे अडलंय त्याचा अंदाज येतो. लॅम्डाचंच बघा, मॅन-वाय गटातल्या म्यूटंटला तो बाहेरून नीट चिकटतो पण डीएनए आतल्या पडद्यातून जाताना अडतो, आणि नस-बी गेला तर डीएनए आत जातो पण जीन्स वाचताना मध्येच थांबतो. दोन्हीकडे प्लाक नाहीत, कारणं मात्र वेगळी. २०१० मध्ये लॅम्डावर केयो संच चाळला तेव्हा ५७ जीन्स निघाले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जीन्सचा लॅम्डाशी संबंध आधी कुणाला माहीतच नव्हता. टीआरएनएवर सल्फर चढवणारे जीन्स पण होते त्यात! कुणी ठरवून हे शोधलं नसतं.

जीन परत देऊन बघा

ही पायरी गाळाल तर व्हायवात परीक्षक सोडणार नाही. म्यूटंटमध्ये तोच जीन प्लास्मिडवर (बॅक्टेरियात वेगळा राहणारा डीएनएचा छोटा गोल) परत घाला, फेज परत वाढायला लागला तरच दोष त्या जीनचा. जीन उडवताना शेजारच्या जीनचं काम बिघडलेलं असू शकतं म्हणून हे लागतं. आस्का नावाच्या संचात असे तयार प्लास्मिड मिळतात, क्लोरॅम्फेनिकॉल ह्या अँटिबायोटिकवर वाढवायचे नि आयपीटीजी हे रसायन घालून जीन चालू करायचा. आयपीटीजी आधी शून्य ठेवून बघा, थोडी गळती असतेच आणि तेवढी पुरते बऱ्याचदा. जास्त घातलं तर प्रोटीनचा पूर येऊन बॅक्टेरियाच गळपटतो. कंट्रोलला रिकामा प्लास्मिड घातलेला म्यूटंट हवाच.

वेळ उरला तर: पळवाट काढणारे फेज

जिथे फेज वाढत नाही त्या म्यूटंटवर भरपूर फेज, शंभर कोटी तरी, पसरून ठेवा. एखाददुसरा प्लाक कधीकधी येतो. तो फेज त्या जीनशिवाय चालवायला शिकलेला असतो. त्याला शुद्ध करून त्याचा डीएनए वाचला की फेजचा कुठला जीन बॅक्टेरियाच्या त्या जीनशी गाठ बांधून होता ते कळतं. ग्रो-ई हे नाव असंच पडलं. १९७० च्या आसपास असे ई. कोलाय सापडले ज्यांच्यात लॅम्डाचं डोकं नीट जुळत नव्हतं, आणि लॅम्डाच्या ई ह्या जीनमध्ये बदल झालेले फेज तिथे वाढू शकत होते, म्हणून ग्रो-ई. नंतर कळलं की हे प्रोटीनची घडी नीट घालून देणारं यंत्र आहे, आणि त्याचे भाऊबंद आपल्या स्वतःच्या पेशीत पण आहेत.

असे फेज मिळाले की लगेच दोन नळ्या करा, एक ४ डिग्रीला, एक ग्लिसरॉल घालून डीप फ्रीजरला, आणि नळीवर तारीख नि म्यूटंटचं नाव पक्क्या मार्करने लिहा. चवथीच्या सुट्टीवर जायच्या आधी. सुट्टीनंतर "टीचर, ही नळी कसली?" असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.